भरल्या गाडीने घाट

आमच्या घरात भांड्यांपेक्षा नटबोल्ट जास्त आहेत, असं आई आल्यागेल्याला सांगायची, आणि त्यात तिने फार मीठमसाला लावलेला असायचा असं नाही. घोडेगावातलं आमचं घर म्हणजे पुढे पडवी, मागे दोन खोल्या आणि अंगाला लागून पत्र्याची एक शेड. शेडमध्ये गाडी राहायची आणि गाडीतलं जे काही त्या दिवशी गाडीत नसेल ते घरात राहायचं. देवळीत समईशेजारी प्लग पडलेले, फडताळात मिठाच्या बरणीमागे ग्रीसचा डबा, आणि झोपताना पाठीखाली काही टोचलं तर तो हमखास वॉशर. घराला लसणाच्या चटणीचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास होता, तो माझ्या शाळेच्या सदऱ्यालाही यायचा. पहाटे आई चुलीपुढे भाकऱ्या थापायला बसायची आणि त्याच सुमाराला दादा, म्हणजे माझे वडील, शेडमध्ये गाडी सुरू व्हावी म्हणून तिला हँडल मारायला लागायचे. थापण्याचा आणि हँडलचा असे दोन आवाज बरोबरच सुरू व्हायचे. भाकऱ्या आधी संपायच्या.

गाडी लढाईच्या आधीची, अमेरिकन, चार सिलिंडरची, वर ताडपत्रीचं छप्पर आणि दोन्ही अंगांना उभं राहायला फळी. दादांनी ती मुंबईच्या एका शेटजींकडून घेतली तेव्हाच तिची उमेद संपत आलेली होती. सात माणसांची म्हणून तिच्या कागदावर लिहिलेलं होतं. बाजाराच्या दिवशी तिच्यात किती माणसं बसायची ते मी इथे लिहीत नाही, दादा आता नाहीत तरीही. आधी ते मंचर, नारायणगाव, जुन्नर अशा सपाटीच्या रस्त्याला गाडी चालवायचे. मग तो रस्ता सरकारी बसगाड्यांना गेला आणि आमच्यासारख्यांना उरल्या त्या कोणाला नको असलेल्या वाटा. आमची वाट घोडेगावहून पश्चिमेला डिंभ्यावरून पोखरीचा घाट चढून वर तळेघरला जाणारी. रस्ता कच्चा, खडीचा. वरच्या वाड्यांमधली माणसं हिरडा, नाचणी, मध असं काहीबाही घेऊन घोडेगावच्या बाजाराला खाली यायची आणि मीठ, गूळ, रॉकेल घेऊन वर जायची. दादांना ती सगळी नावानिशी माहीत होती. कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाची म्हैस आटली, हे आईला आधी आमच्या गाडीतून कळायचं.

गाडी खाली यायला काही म्हणायची नाही, पण घाट चढणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. आता तिथे नातवाच्या गाडीतून जातो तेव्हा तो घाट आहे हे मला त्याला सांगावं लागतं. तो गिअरच्या दांड्याला हातही न लावता बोलत असतो आणि खाली धरणाचं पाणी चमकत असतं. तेव्हा ते धरण नव्हतं, खाली नदीकाठची भातखाचरं दिसायची, आणि ती बघायला भरपूर वेळ मिळायचा, कारण आम्ही चालत असायचो. घाटाच्या पहिल्या मोठ्या वळणाच्या अलीकडे एक जांभळीचं झाड होतं. तिथे गाडी धापा टाकायला लागली की दादा म्हणायचे, "बसा, बसा, चढंल ती." आणि त्यांनी हे म्हणेपर्यंत निम्मी माणसं खाली उतरलेली असायची. चिमाबाबा नावाचे वरच्या वाडीतले एक म्हातारे होते, ते ठरलेला धोंडा उचलून मागच्या चाकाबरोबर चालायचे. गाडी थबकली की धोंडा चाकामागे, हलली की पुन्हा उचलून हातात. बाकीचे ढकलायचे, बाया मुलांना कडेवर घेऊन बोलत बोलत मागून यायच्या. वर पोचल्यावर सगळी पुन्हा गाडीत बसायची आणि दादा मागे वळून म्हणायचे, "उगीच उतरलात राव." हे वर्षानुवर्षं असंच चाललेलं होतं आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं. मला वाटायचं. मला भयंकर लाज वाटायची. जुन्नरला मी कासमभाईंच्या कारखान्यात कामाला जायला लागलो तेव्हा तिथली पोरं आमच्या गाडीला 'पायी चालणारी मोटार' म्हणायची, आणि मी तोंड वर करून उत्तर देऊ शकत नव्हतो, कारण ते खरंच होतं.

अशातच पुण्याहून निरोप आला की घाटाच्या वाटेवर ज्याला गाडी चालवायची असेल त्याने भरल्या गाडीने घाट चढून दाखवला पाहिजे. मोटारी तपासणारा साहेब स्वतः येऊन गाडीत बसणार, गाडीत माणसं भरलेली पाहिजेत, आणि वाटेत एकही माणूस खाली उतरता कामा नये. चढली तर परवाना, नाही चढली तर वाट दुसऱ्याला. दादांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. परवाना गेला की गाडी विकायची आणि कोणाच्या तरी ट्रकवर ड्रायव्हर म्हणून राहायचं, याशिवाय त्यांच्यापुढे काही नव्हतं. त्यांना ट्रकचं वावडं नव्हतं, लढाईच्या काळात त्यांनी लष्कराचे ट्रक हाकले होते. पण तिथे मागून कोणीतरी ओरडत असायचं आणि ते गप्प ऐकून घ्यायचे, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. पुन्हा ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती. आईने भाकरीवर झाकण घातलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू एवढा मोटारी शिकतोस, मग कर की काहीतरी."

आता कासमभाईंबद्दल सांगायला हवं. ते जुन्नरचे, बापजाद्यांपासून लोखंडात काम करणारे. बाजारामागे त्यांचा पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचा कारखाना होता. छताला एक लांब शाफ्ट, त्यावरून पट्टे खाली आलेले, आणि एका डिझेल इंजिनावर सगळी यंत्रं फिरायची. माणूस तापट आणि फुशारकी मारणारा. माझ्यासारखा कारागीर पुण्यात नाही, हे ते रोज ऐकवायचे आणि त्यांच्या हातून काही बिघडलं तर तो पट्ट्याचा दोष असायचा. मी त्यांना घाटाचं सांगितलं तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं की हेड घासायचं. आमच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे वाफ आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, बाजूला, ब्लॉकमध्येच होते. त्यामुळे हेड म्हणजे बिडाचं एक जाड झाकण, आतून खळगे असलेलं. त्या खळग्यांत पेट्रोलची वाफ दाबली जाते आणि पेटते. झाकण खालून घासलं की खळगे उथळ होतात, तीच वाफ कमी जागेत जास्त दाबली जाते आणि पिस्टनला फटका जोरात बसतो. याला कॉम्प्रेशन वाढवणं म्हणतात. मला ते ऐकून इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत मी मनात तो घाट कितीदा तरी चढलो.

आनंद तेवढाच. तिथून पुढे सगळी कटकट. हेड गोधडीत गुंडाळून मी जुन्नरला नेलं, कासमभाईंनी ते शेपर यंत्रावर आवळलं आणि मग लक्षात आलं की हेड लांब आहे आणि यंत्राचा हात आखूड. शेपर म्हणजे पुढेमागे सरकत पट्टी पट्टी खरवडणारं यंत्र, रंधा असतो ना, तसंच, फक्त लोखंडाचं. अर्धं हेड घासून झालं की सोडायचं, फिरवायचं, पुन्हा आवळायचं आणि उरलेलं अर्धं घासायचं. एका आण्याच्या जाडीएवढं काढायचं ठरलं होतं. मला आणखी हवं होतं. कासमभाई म्हणाले, आणखी काढशील तर पिस्टन झाकणाला डोकं आपटील. यावरून आमचा वाद झाला आणि त्या वादात त्यांनी दुसरं अर्धं आवळताना एक बाजू किंचित वर राहिली. घासून झाल्यावर मधोमध बोट फिरवलं तर पायरी लागली, नखाला अडकेल एवढी. कासमभाईंनी पट्ट्याला शिव्या दिल्या. मला रडू येत होतं.

मग ती पायरी हाताने काढायची. एका जाड काचेवर तेलात कालवलेला शेंदूर चोळायचा, हेड त्यावर ठेवून जरा हलवायचं आणि उलटं करून बघायचं. जिथे शेंदूर लागला तो भाग उंच, तो खरवडायचा. पुन्हा काचेवर ठेवायचं, पुन्हा बघायचं. हे काम असं आहे की तासभर खरवडून तुम्ही एक डाग घालवता आणि शेजारी दोन नवे उगवतात. शेंदराने माझे हात कोपरापर्यंत लाल झाले. कारखान्यात येणारी माणसं विचारायची, कोणत्या मारुतीचा पुजारी ठेवलात कासमभाई? ते हसायचे. मी खरवडत राहायचो. आजही देवळात शेंदराचा वास आला की माझी मनगटं दुखायला लागतात, भक्तिभाव वगैरे काही येत नाही.

हेड घरी आलं आणि कणकेचा घोळ सुरू झाला. झाकण खाली आल्यावर व्हॉल्व्ह उघडताना त्याला आपटतात का ते बघायचं असतं. त्यासाठी व्हॉल्व्हवर मऊ काहीतरी ठेवायचं, हेड आवळायचं, हँडलने इंजिन हळूच फिरवायचं आणि पुन्हा उघडून बघायचं की ते किती चेपलं. कासमभाईंनी सांगितलं होतं, कणीक घे. आमच्याकडे बाजरीचं पीठ. त्याचा गोळा ठेवला तर भुगा झाला. गहू घरात होता तो थोडासा, सणाला पोळ्या होतील म्हणून आईने मडक्यात बांधून ठेवलेला. तिने तो काढला, दळला, घट्ट कणीक मळली आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "देवाच्या आधी मोटारीला नैवेद्य." पहिल्या खेपेला एका व्हॉल्व्हवरची कणीक पापडासारखी पातळ होऊन निघाली. म्हणजे तिथे जागाच उरली नव्हती. पुन्हा हेड खोललं, त्या जागेचा खळगा छिन्नीने आणि कानशीने खोल केला, पुन्हा कणीक. पुन्हा पापड. आईने तिसऱ्यांदा पीठ मळलं तेव्हा ती माझ्याशी बोलत नव्हती. शेवटी कणीक पुरीएवढी जाड निघाली आणि मी ती तिला दाखवायला आत नेली. तिने ती बघितली, त्यावरचं काळं तेल बघितलं आणि गाईपुढेही टाकता येणार नाही म्हणून उकिरड्यावर टाकली. त्या वर्षी सणाला आमच्याकडे पोळ्या झाल्या नाहीत.

गाडी सुरू करायला गेलो तर हँडलने असा उलटा झटका दिला की माझा हात खांद्यातून गेला असं वाटलं. दादांना मात्र त्या झटक्याने हसू आलं. म्हणाले, "जीव आला रं हिच्यात." पण रस्त्याला लावल्याबरोबर इंजिनातून टणटण आवाज यायला लागला, जसं कोणी आत खलबत्ता घेऊन बसलंय. याचं कारण मला माहीत होतं आणि ते दादांना सांगायची भीती वाटत होती. दादा पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळायचे. सगळेच मिसळायचे. जुन्या इंजिनाला ते चालून जायचं, पण दाब वाढल्यावर रॉकेल आपल्या मनानेच अवेळी पेट घेतं. मी म्हटलं, दादा, आता निव्वळ पेट्रोल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी गाडीला दूध पाजायला सांगतोय. पण ऐकलं. टाकी रिकामी केली, निव्वळ पेट्रोल भरलं, आणि आम्ही दोघांनी नदीतले दगडगोटे पोत्यांत भरून गाडी काठोकाठ लादली. तेवढं ओझं घेऊन गाडी पोखरीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, एकदाही न थांबता, सरळ चढून गेली. वर पोचल्यावर दादा किती तरी वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग दगड तिथेच टाकून आम्ही परत आलो. दगडांचं एक बरं असतं, ते उतरत नाहीत.

साहेब आला तो बाजाराचाच दिवस होता. बारीकसा, डोक्यावर टोपी, हातात छत्री, पोटाचा त्रास असावा, कारण आईने केलेला चहा त्याने घेतला नाही आणि नुसतं पाणी प्यायला. माणूस वाईट नव्हता, हे मला आज कबूल करावं लागतं. तेव्हा मला तो राक्षस वाटला होता. त्याला पुढे दादांशेजारी बसवलं. मागे आमची नेहमीची माणसं, पायांमध्ये मिठाची गाठोडी घेऊन. ठकूबाई म्हणून घाटमाथ्यावरच्या वाडीतली एक म्हातारी होती, ती नेहमीप्रमाणे दाराशी बसलेली. तिच्या मांडीवर नात, आणि चिमाबाबा माझ्यासारखेच बाहेरच्या फळीवर. निघायच्या आधी मी सगळ्यांना बजावलं. आज कोणीही खाली उतरायचं नाही, काहीही झालं तरी नाही, आज गाडी आपल्या आपण चढणार आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठकूबाई म्हणाली, "न्हाई उतरत बाबा, कशाला उतरू?" मी पुन्हा विचारलं. पुन्हा माना डोलल्या. याहून जास्त मी काय करायला हवं होतं, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगू शकलेलं नाही.

डिंभ्यापर्यंत गाडी अशी धावली की साहेबानेही एकदा दादांकडे वळून बघितलं. घाट लागला. दादांनी गिअर बदलला, इंजिनाचा आवाज भरला, आणि मला पायाखालच्या फळीतून कळत होतं की ती दमत नाहीये, तिच्यात अजून कितीतरी शिल्लक आहे. दादांच्या मानेवरची शीरसुद्धा नेहमीसारखी ताठ झालेली नव्हती. मग जांभळीचं झाड आलं. तिथे कोणी काही बोललं नाही, कोणी कोणाला खूण केली नाही. चिमाबाबांनी फळीवरून एक पाय खाली सोडला आणि ते उतरले. त्यांच्यामागून ठकूबाईने नातीला कडेवर घेतलं आणि चालत्या गाडीतून उतरली. मग एका बाजूने दोघं, दुसऱ्या बाजूने तिघं. मी ओरडत होतो, बसा, बसा, उतरू नका, आणि मला स्वतःच्याच कानाने ऐकू येत होतं की दादा जे वर्षानुवर्षं म्हणत आले तेच शब्द माझ्या तोंडून निघतायत, आणि नेहमीच्याच मायेने कोणी ते मनावर घेत नाहीये. माणसं चाकाखाली येऊ नयेत म्हणून दादांना ब्रेक दाबावा लागला. गाडी थांबली. चिमाबाबांनी लगेच मागच्या चाकाला धोंडा लावला.

साहेबाने विचारलं, काय झालं? चिमाबाबा पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "काय न्हाई सायेब. तुमी बसा. आमी हाये ना." आता इतक्या माणसांनी गाडी सोडली म्हटल्यावर त्यांना काहीतरी धोका दिसला असणार असं साहेबाला वाटलं. तोही उतरला आणि छत्री उघडून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मी सगळ्यांना पुन्हा गाडीत बसायला सांगत होतो, हाताला धरून ओढत होतो. ठकूबाई माझा हात बाजूला करून हळूच म्हणाली, "आरं, सायबासमोर गाडी अडली तर तुझ्या बापाची शोभा व्हईल. चल, आमी मागून येतो." मी तिला सांगितलं की गाडी अडणार नाही. तिने मान डोलावली, अगदी निघताना डोलावली होती तशीच. साहेबाने दादांना हात केला, न्या वर. मागे ढकलायला माणसं लागली होती, पण ढकलण्यासारखं काही राहिलंच नाही. रिकामी गाडी, फळीवर एकटा मी, त्यांच्या हातांतून निसटून निघून गेली.

घाटमाथ्यावर मी आणि दादा गाडीत बसून वाट बघत होतो. उन्हाचा तडाखा होता. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. अडाणी, बेअक्कल, आपल्या अन्नात माती कालवणारी माणसं, असं बरंच काही. दादा ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "शंकर, मी त्यास्नी जन्मभर बसा म्हनलो आनि ती जन्मभर उतरली. आज खरं म्हनतोय हे त्यास्नी कसं कळायचं?" मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही.

थोड्या वेळाने खालच्या वळणावर ती मंडळी दिसायला लागली. साहेब मधोमध, कोणीतरी त्याच्या डोक्यावर छत्री धरलेली, आणि सगळी त्याच्याशी भरभरून बोलत होती. काय बोलत होती ते जवळ आल्यावर कळलं. दादांची तारीफ चालली होती. की हा माणूस लई भला. की गाडी चढत नाही म्हणून कधी कोणावर चिडला नाही. की पोरं पडली झडली तर स्वतः उचलून वर आणतो. की इतकी वर्षं आम्ही उतरतो, ढकलतो, पण कधी त्याने तोंड वाईट केलं नाही, असा माणूस मिळायचा नाही, याचीच गाडी राहू द्या. ती माणसं मनापासून आमची वकिली करत होती आणि एकेका वाक्याने आमचा परवाना फाडत होती. साहेब घामाने ओलाचिंब झाला होता. त्याने दगडावर बसून रुमालाने मान पुसली. मी पुढे होऊन सांगितलं की गाडी चढते, आम्ही काठोकाठ दगड भरून चढवलीय, आत्ता पुन्हा भरून दाखवतो.

तो म्हणाला, "परवाना दगड न्यायचा मागताय की माणसं न्यायचा?"

मी म्हटलं, माणसांचा, पण ती ऐकत नाहीत.

त्याने रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "बाळ, ही गाडी चढते असं हिच्यात रोज बसणाऱ्यांनाच वाटत नाही. मी एकदा बसलेला माणूस, मी काय लिहू?" त्याला आम्हीच त्या गाडीतून परत घोडेगावला सोडलं. उतारावर त्याने ब्रेकची तारीफ केली.

घरी मी दोन्ही वेळा जेवलो नाही आणि आईने आग्रह केला नाही, यावरून तिलाही किती लागलं होतं ते कळावं. मी दादांच्या मागे लागलो की पुण्याला जा, पुन्हा बघा म्हणावं. ते गेले. पुढच्या साली अर्ज करा असं सांगून त्यांना परत पाठवलं, आणि तोवर वाट नवी गाडी असलेल्या दुसऱ्या कोणाला जाणार होती. गाडीला गिऱ्हाईकही येऊन बघून गेलं. त्याने हँडल मारलं, झटका खाल्ला आणि खूश होऊन म्हणाला, इंजिन झकास आहे. मी शेडमागे जाऊन उभा राहिलो. त्या वयात राग कुठे ठेवायचा हे कळत नाही. कासमभाईंवर काढता येत नव्हता, दादांवर काढला तर ते गप्पच. मी ठरवलं होतं की पुढच्या बाजाराला ती माणसं आली की त्यांना सरळ सांगायचं, तुमच्या उतरण्याने आमचं काय केलंत ते.

जुन्या परवान्याची मुदत संपायला अजून थोडे दिवस होते, तोवर गाडी चालू होती. बाजाराचा दिवस आला आणि ती आली. नेहमीसारखी, गाठोडी घेऊन, आईसाठी पानात बांधलेला मध घेऊन. कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. साहेब खूश होऊन गेला असणार असाच त्यांचा समज होता. मी तोंड उघडायच्या आधी दादांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग वर निघायच्या वेळी ते स्वतः गाडीच्या दारांशी आले, दारांना एकेक दोरी बांधली आणि म्हणाले, "आज उतरू नका. हात जोडून सांगतो, खरंच उतरू नका." त्यांनी खरोखर हात जोडले होते. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. चिमाबाबांना त्यांनी फळीवरून काढून आत बसवलं. गाडी निघाली, डिंभं मागे पडलं. जांभळीपाशी सगळ्यांचे हात आपोआप दोऱ्यांकडे गेले आणि तिथेच राहिले. इंजिन एकसारखं, भरल्या आवाजात, त्या सगळ्यांना घेऊन वळणामागून वळण चढत गेलं. कुठे थांबलं नाही, कुठे कुरकुरलं नाही. माझ्या आयुष्यात मी केलेलं पहिलं मोठं काम होतं ते, आणि ते बघायला ज्याने यायला हवं होतं तो पुण्यात बसला होता.

घाटमाथ्यावर दादांनी गाडी उभी केली आणि दोऱ्या सोडल्या. ठकूबाई नातीला घेऊन खाली उतरली. पदर सारखा केला, पण निघाली नाही. दादांसमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आज उतरू दिलं न्हाईस दादा," ती म्हणाली. "आमचं काय चुकलं व्हतं का?"

"न्हाई गं ठकूबाई," दादा म्हणाले. "गाडी तुमास्नी घिऊन चढते का, तेवढं बघायचं व्हतं."

"मग, चढली ना?"

"चढली."

तिने सुस्कारा टाकला. तिचा जीव भांड्यात पडलेला दिसला. नातीच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "मग त्या सायबाला सांग की तसं," आणि मिठाचं गाठोडं डोक्यावर घेऊन वाडीच्या वाटेला लागली. दादांनी हो म्हणून सांगितलं. मी बादली घेऊन रेडिएटरला पाणी आणायला ओढ्याकडे निघालो. गाडी तापलीच नव्हती, तिला पाण्याची काही गरज नव्हती, पण तिथे उभं राहून मला दादांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.